स्थिरचित्रात गोष्ट मांडताना: नागपूरच्या नवशिक्या चित्रकारांसाठी

चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागल्यानंतर दुसऱ्याच वर्षी मी एक धाडस केले. सतराव्या शतकातील डच चित्रकारांची स्थिरचित्रे, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंची चित्रे, छापील पानांवर पाहून मी भारावले होते आणि तसेच काहीतरी गंभीर, अर्थपूर्ण चित्र आपणही काढावे असे ठरवून जेवणाच्या टेबलावर वर्गातून उसनी आणलेली प्लॅस्टरची कवटी, अर्धी जळालेली मेणबत्ती, बंद पडलेले घड्याळ, सुकलेला गुलाब आणि अर्धवट सोललेले लिंबू असे सगळे मांडून बसले होते. सकाळी कामाला आलेल्या मावशी दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, "हे काय जी ताई, करणीचं सामान मांडलं का?" त्या दिवशी त्यांनी त्या खोलीचा केर काढला नाही.

तेव्हा मला हसू आले होते, पण मावशींचे वाचन चुकीचे नव्हते. हॉलंडमधल्या श्रीमंत घरात अर्धे सोललेले लिंबू म्हणजे दूरदेशाहून आलेली चैनीची वस्तू, दिसायला देखणी आणि चवीला आंबट. आपल्याकडे कवटी आणि मेणबत्तीशेजारचे लिंबू पाहून कोणाच्याही मनात पहिल्यांदा उतारा येतो. वस्तू तीच राहिली, पण घर बदलले आणि अर्थ बदलला. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा देऊन ज्यांना घडा, फळे आणि दुमडलेले कापड बरे काढता येते, परंतु त्या वस्तूंकडून काही बोलवून घ्यायचे म्हटले की नेमके कोठून सुरू करावे हे कळत नाही, अशांसाठी हा लेख आहे. मी गेलेल्या आडवाटा तुम्हाला टाळता याव्यात, एवढाच त्याचा हेतू आहे.

लागणारे साहित्य

महागडे काहीच लागत नाही. रंग आणि कागद सीताबर्डीच्या दुकानांत मिळतात, बाकीचे बहुतेक घरातच असते.

- भिंतीलगतचे एक लहान टेबल किंवा एकावर एक ठेवलेले दोन पाट.
- एक बाजू आणि झाकण कापलेले पुठ्ठ्याचे मोठे खोके. त्यात वस्तू ठेवल्या की उजेड एकाच बाजूने येतो.
- नक्षी नसलेले, राखाडी किंवा मळखाऊ रंगाचे कापड. जुने धोतर चहाच्या पाण्यात बुडवून वाळवले की उत्तम पडदा होतो.
- पुठ्ठ्यात आयताकृती खिडकी कापून केलेली चौकट, जिच्यातून पाहून चित्राची सीमा ठरवता येते.
- दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम (३०० जीएसएम) वजनाचा जलरंगाचा कागद, ११ × १५ इंच. तैलरंगात काम करणार असाल तर कॅनव्हास बोर्ड, अळशीचे तेल आणि टर्पेंटाइन.
- पेन्सिली, खडू, चिकटपट्टी आणि एक साधी वही. ही वही सर्वांत महत्त्वाची आहे.

१. आधी दोन-चार जुनी चित्रे वाचायला शिका

नक्कल करण्यासाठी हे करायचे नाही. जुन्या चित्रकारांनी वस्तूंना बोलते कसे केले, ती युक्ती समजून घेण्यासाठी करायचे आहे. पीटर क्लास या डच चित्रकाराने १६२८ साली काढलेल्या चित्रात एक कवटी, एक पिसाची लेखणी, उलटा पडलेला काचेचा पेला आणि नुकताच विझलेला दिवा आहे. दिव्याच्या वातीवर धुराची शेवटची रेघ अजून दिसते. दिवा विझलेला दाखवणे सोपे असते, पण धुराच्या रेघेमुळे तो *आत्ताच* विझला हे कळते आणि चित्रात काळ शिरतो. अशा चित्रांना व्हॅनिटास म्हणतात. हा लॅटिन शब्द ऐहिक गोष्टींची व्यर्थता सांगणाऱ्या बायबलमधील वचनातून आला. हार्मेन स्टेनवाइकच्या सुमारे १६४० सालच्या चित्रात पुस्तके, वाद्य, शिंपला आणि तलवार अशी सगळी श्रीमंती मांडलेली आहे, आणि डावीकडून तिरपा येणारा उजेडाचा पट्टा मात्र नेमका कवटीवर पडतो. तिथे उजेडच निवेदक झाला आहे.

हॅन्स होल्बाइनचे १५३३ सालचे 'राजदूत' हे चित्र व्यक्तिचित्र असले तरी दोन पुरुषांच्या मधल्या फळीवरच्या वस्तू एखाद्या स्थिरचित्रासारख्या वाचाव्यात. तेथील तंतुवाद्याची एक तार तुटलेली आहे. त्या काळात ख्रिस्ती जगात पडलेल्या फुटीची खूण म्हणून ती वाचली जाते. संपूर्ण वाद्य मोडण्याची गरज चित्रकाराला वाटली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

माझ्या दृष्टीने मात्र सर्वांत शिकण्यासारखे चित्र व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे आहे. त्याचे वडील धर्मोपदेशक होते. मार्च १८८५ मध्ये ते वारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने वडिलांचे उघडे, जाडजूड बायबल, त्याच्या बाजूला विझलेली मेणबत्ती आणि पुढच्या बाजूला फ्रेंच लेखक एमिल झोला यांची हाताळून कोपरे मुडपलेली पिवळी कादंबरी असे चित्र एका दिवसात रंगवले. चित्रात माणूस नाही. तरीही दोन पुस्तकांचे आकार, त्यांचे रंग आणि त्यांच्यातले अंतर पाहिले की बाप-लेकाचे सगळे नाते समोर उभे राहते. येथे कोणत्याही कोशातले प्रतीक वापरलेले नाही. ती त्या घरातलीच दोन पुस्तके होती.

२. गोष्ट एका वाक्यात लिहून काढा

वस्तू गोळा करण्यापूर्वी वहीत एकच वाक्य लिहावे, आणि त्या वाक्यात कोणीतरी काहीतरी केलेले असावे. 'जीवन क्षणभंगुर आहे' हे वाक्य चालणार नाही, कारण त्यातून कोणती वस्तू कोठे ठेवावी हे कळत नाही. 'आजोबा गिरणीतून घरी आले, पण त्या दिवशी डबा उघडलाच नव्हता' हे वाक्य चालेल, कारण त्यातून बंद डबा आपोआप टेबलावर येतो आणि तो भरलेला आहे हे कसे दाखवावे, असा चित्रकाराचा खरा प्रश्न उभा राहतो.

माझे वाक्य असे होते: 'मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि संत्रे अर्धे-अर्धे खाण्याची आमची सवय मात्र मागे राहिली.' पुढच्या पायऱ्यांवर मी याच चित्राचे उदाहरण घेणार आहे.

३. वस्तू आपल्या घरातून आणि आपल्या बोलण्यातून घ्या

प्रतीकांची यादी बाहेरून आणण्याची गरज नसते, कारण मराठी बोलणारा माणूस दिवसभर वस्तूंच्या भाषेतच बोलत असतो. चूल विझते, घराला कुलूप लागते, पिकले पान गळते, घडा पालथा असतो, तत्त्वे खुंटीला टांगली जातात. वहीचे एक पान अशा वाक्प्रचारांना द्यावे आणि त्यांतली जी वस्तू खरोखर घरात आहे तिच्यावर खूण करावी. रिकामी खुंटी आणि भरलेली खुंटी यांची दोन लहान रेखाटने शेजारी शेजारी केलीत तरी गोष्ट सुरू झालेली दिसेल.

याहूनही बोलक्या असतात त्या घरातल्या सवयींच्या खुणा. ताटावर उपडे घातलेले दुसरे ताट घ्या. आपल्याकडे ते पाहणाऱ्याला एका क्षणात कळते की कोणीतरी अजून घरी आलेले नाही आणि कोणीतरी त्याच्यासाठी थांबले आहे. शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला तर वाट पाहणे चालू आहे. त्या तांब्यावर पाण्याचे थेंब सुकून पांढरे डाग पडले असतील तर बराच वेळ गेला आहे. एवढी दाट गोष्ट सांगायला कवटीला जमले नसते.

नागपूरकरांना आणखी दोन वस्तू आयत्या मिळालेल्या आहेत. एक म्हणजे संत्रे. आंबिया बहाराचे संत्रे साधारण ऑक्टोबरपासून बाजारात येते आणि सुरुवातीला त्याची साल हिरवट असते, तर मृग बहाराचे फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, त्यामुळे सालीच्या रंगावरूनही चित्रातला हंगाम सांगता येतो. आपल्या संत्र्याची साल ढिली असल्यामुळे ती हाताने सहज, मोठ्या पाकळीसारखी निघते, आणि डच चित्रांतल्या लिंबाच्या सालीसारखी सुरीने गोल गोल काढावी लागत नाही. म्हणजे संत्र्याशेजारी सुरी ठेवू नये. मी ती पहिल्या मांडणीत ठेवली होती आणि आईने विचारले, "संत्र्याला सुरी कशाला गं?"

दुसरी वस्तू म्हणजे तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो सजवून, दोरीने ओढत मिरवणारी मुले मोठी होतात आणि बैल माळ्यावर जातो. आमच्या बैलाचे एक चाक फार पूर्वी हरवले होते आणि त्या जागी सोड्याच्या बाटलीचे पत्र्याचे बूच खिळ्याने ठोकलेले आहे. रंगवायला बसेपर्यंत माझे त्याच्याकडे कधी लक्ष गेले नव्हते. बुचाची कड एका बाजूने घासून चपटी झाली आहे, म्हणजे त्या चाकावरही बैल बराच चालला असणार. वस्तू निवडताना अशी एक तरी दुरुस्ती, ठिगळ किंवा झीज शोधावी, कारण कोरी वस्तू फक्त दुकानाची आठवण करून देते.

घरात काही सुचत नसेल तर एक दुपार अजब बंगल्यात घालवावी. १८६३ साली सुरू झालेल्या या मध्यवर्ती संग्रहालयात जुन्या वस्तू निवांतपणे पाहता येतात. रेखाटन करायचे किंवा छायाचित्र घ्यायचे असल्यास आधी दारावर परवानगी विचारून घ्यावी.

येथे दोन सापळे आहेत. पहिला सापळा म्हणजे फुटलेल्या बांगड्या, पुसलेले कुंकू, तुटलेले मंगळसूत्र यांसारख्या वस्तू. त्या इतक्या मोठ्याने बोलतात की बाकीच्या चित्राला बोलायला जागाच उरत नाही, आणि कोणाच्या घरचे दुःख त्यातून उगाच उघडे पडेल हेही सांगता येत नाही. दुसरा सापळा पूजेच्या वस्तू, पोथ्या आणि तसबिरींचा. त्या जमिनीवर, चपलेशेजारी किंवा उष्ट्या ताटाजवळ मांडल्या तर पाहणाऱ्याचे लक्ष तुमच्या गोष्टीवरून उडते आणि वाद सुरू होतो. वादच करायचा असेल तर तो ठरवून करावा, निष्काळजीपणातून नको.

४. मांडणी करा आणि मग निम्म्या वस्तू काढून टाका

पहिल्या मांडणीत मी वर्तमानपत्राचा तुकडा, बैल, संत्रे, सुरी, मुलीचा पदवीच्या झग्यातला फोटो, बसचे तिकीट आणि तिचा जुना चष्मा ठेवला होता. फोटो ठेवताच चित्र संपले, कारण तो सगळे एकट्यानेच सांगून मोकळा झाला. तिकीट वाचण्यासाठी लोक जवळ आले असते आणि चित्र सोडून अक्षरेच वाचत बसले असते. चष्मा काढला तेव्हा मात्र जिवावर आले. शेवटी वर्तमानपत्राचा एक तुकडा, त्यावरचे संत्रे आणि बैल एवढेच उरले. नवशिक्यांनी तीन ते पाच वस्तूंच्या पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वस्तू कमी केल्या की त्यांच्यातले संबंध दिसू लागतात, आणि खरे काम तेथे सुरू होते. कपाचा कान, झारीची तोटी, बैलाचे तोंड, चमच्याचा दांडा या सगळ्या दिशा असतात. दोन कपांचे कान एकमेकांकडे वळवून पाहावेत आणि मग एकमेकांपासून फिरवून पाहावेत. कपांना हात न लावता भांडण झाल्यासारखे वाटेल. अंतराचेही तसेच आहे. एकमेकींना अर्धवट झाकणाऱ्या वस्तू एका कुटुंबातल्या वाटतात, आणि मध्ये रिकामी फट सोडली की ती फटही चित्रातली एक वस्तू होते. वस्तू टेबलाच्या कडेबाहेर थोडी काढली तर पडण्याची धास्ती निर्माण होते. डच चित्रकार सुरीची मूठ अशी कडेबाहेर काढत. त्यामुळे चित्राला खोलीही मिळते.

माझ्या चित्रात बैलाचे तोंड उजव्या कडेकडे आहे आणि त्याची दोरी ताणलेली असून चौकटीबाहेर जाते. संत्र्याच्या दहा फोडींपैकी पाच शिल्लक आहेत, उरलेल्या पाचांच्या फक्त बिया वर्तमानपत्रावर पडलेल्या आहेत. वर्तमानपत्र मुद्दाम उलटे, मजकूर वाचता येणार नाही असे ठेवले.

डोळ्यांची पातळीही गोष्टीप्रमाणे ठरवावी. उंच बसून खाली पाहिले तर ताटात काय आहे ते दिसते. जमिनीवर बसून वस्तूंच्या उंचीवरून पाहिले तर बोटाएवढा बैलही भव्य होतो. झाकलेले ताट रंगवायचे असेल तर खाली बसावे, म्हणजे दोन ताटांमधली अंधारी फट दिसते आणि उत्सुकता तयार होते. पातळी एकदा ठरली की ती सोडू नये. तांब्याचे तोंड वरून पाहिल्यासारखे लंबवर्तुळ आणि त्याचा तळ मात्र सरळ रेघ, ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. तळाचे लंबवर्तुळ तोंडापेक्षा थोडे अधिक फुगीर दिसते.

मांडणी पक्की झाली की प्रत्येक वस्तूभोवती खडूने खूण करावी आणि आपल्या खुर्चीच्या पायांखाली चिकटपट्टी लावावी. घरात लहान मुले किंवा मांजर असेल तर एक छायाचित्रही काढून ठेवावे, परंतु ते केवळ जागा तपासण्यासाठी वापरावे. छायाचित्रातली सावली बहुधा काळी येते आणि खरी सावली क्वचितच काळी असते.

५. उजेड ठरवा

परदेशी पुस्तकांत उत्तरेच्या खिडकीचा स्थिर उजेड वापरण्याचा सल्ला हमखास असतो. तो नागपुरात वर्षाचे बरेच महिने खरा ठरतो, उन्हाळ्यात मात्र फसवतो. आपले शहर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य दुपारीदेखील डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि त्याच्या आधी-नंतरच्या आठवड्यांतही सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतून तिरपे ऊन आत येऊ शकते. मी हे न कळल्यामुळे सावलीची दिशा तीन वेळा पुसून पुन्हा काढली. त्या दिवसांत खिडकीला पातळ पांढरे कापड लावावे किंवा सरळ खोके आणि टेबलावरचा एकच दिवा वापरावा. खोलीतली ट्यूबलाइट बंद ठेवावी. दोन रंगांचे उजेड एकत्र आले की प्रत्येक वस्तूला दोन सावल्या पडतात आणि कोणतीच खरी वाटत नाही.

कूलरचा झोत मांडणीवर येऊ देऊ नये. पडदा हलतो, सुकलेले पान उडते, आणि ऐन मे महिन्यात जलरंगाचा हात फिरवून होण्याआधीच कागद सुकतो. उन्हाळ्यात कागद दोन्ही बाजूंनी ओला करून सकाळी नऊच्या आत काम उरकलेले बरे.

६. जे आधी नासते ते आधी रंगवा

सोललेल्या संत्र्याच्या सालीची आतली पांढरी बाजू संध्याकाळपर्यंत तपकिरी होऊन वळते आणि फोडींवरचा पापुद्रा सुकून चमक जाते. म्हणून क्रम असा ठेवावा: पहिल्या बैठकीत कापलेली किंवा सोललेली फळे, मग पाने-फुले, नंतर कापड, आणि धातू, लाकूड, माती यांच्या वस्तू सर्वांत शेवटी. एकाच जातीची तीन-चार संत्री आणून ठेवावीत आणि रोज एक सोलावे. कालचे खाऊन टाकावे.

सुकणे हेच दाखवायचे असेल तर तसे ठरवून करावे. काराव्हाज्जोने सोळाव्या शतकाच्या अखेरीस रंगवलेल्या, आता मिलान शहरात असलेल्या फळांच्या टोपलीत एका सफरचंदाला किडीचे भोक आहे आणि काही पाने वाळून आक्रसलेली आहेत, पण बाकीची बरीचशी फळे टवटवीत आहेत. सगळीच नासलेली असती तर त्या भोकाकडे कोणाचे लक्ष गेले नसते.

७. रंग राखून वापरा

ज्या वस्तूने बोलायचे आहे तिलाच भडक रंग मिळावा. पीटर क्लासच्या अनेक चित्रांत सगळा पसारा राखाडी-तपकिरी असतो आणि एखादे लिंबू तेवढे पिवळे चमकते. मी येलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि एक नारिंगी एवढेच रंग घेतले. संत्र्याच्या सावलीसाठी काळा वापरू नये. अल्ट्रामरीनमध्ये थोडी बर्न्ट सिएना मिसळली की निळसर करडी सावली मिळते आणि तिच्याशेजारी नारिंगी अधिक पेटतो. बैलाचा मूळ लाल रंग मी बराच दाबला, कारण तो तसाच राहिला असता तर नजर संत्र्यावर गेलीच नसती.

८. चित्र दुसऱ्याकडून वाचून घ्या

चित्र पुरे होण्याच्या थोडे आधी, म्हणजे बदल शक्य असतानाच, ते तीन जणांना दाखवावे आणि 'येथे नुकतेच काय घडले?' एवढेच विचारावे. 'कसे झाले आहे?' असे विचारू नये, कारण त्याला 'छान' हे एकच उत्तर येते. आपण गप्प राहावे. आमच्या शेजारच्या काकूंनी 'बैलाला कोणीतरी ओढून नेते आहे' असे म्हटले, भाच्याला लहान मूल जेवायला बोलावल्यामुळे उठून गेले असे वाटले, आणि मावशी बराच वेळ पाहून म्हणाल्या, "अर्धं कोणासाठी ठेवलं?" तिघांच्या गोष्टी वेगळ्या असल्या तरी प्रत्येकीत कोणीतरी निघून गेलेले होते, म्हणून मी तेथे थांबले. तिघांनीही फक्त 'संत्रे आणि खेळणे' म्हटले असते तर मांडणीकडे परतावे लागले असते.

शीर्षकात गोष्ट सांगून टाकू नये. 'विरह' लिहिण्यापेक्षा 'पाच फोडी' लिहिलेले बरे.

९. चौकट करताना

नागपूरच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, त्यामुळे चित्र काचेला चिकटू न देता मध्ये माउंट (चित्राभोवती बसणारा, खिडकीसारखा कापलेला पुठ्ठा) घालावा आणि पाठीमागचा पुठ्ठा कागदी पट्टीने बंद करून घ्यावा. चित्राच्या चारही बाजूंना किमान एक इंच कोरा कागद सोडलेला असावा. मी तो सोडला नव्हता. चौकटवाल्याने नेहमीप्रमाणे अर्धा इंच माउंट आत घेतला आणि डाव्या कडेजवळच्या पाचपैकी दोन फोडी त्याखाली गेल्या. वाटून खाल्लेले संत्रे आता कोणीतरी बहुतेक संपवलेले संत्रे झाले होते. माउंट पुन्हा कापून घ्यावा लागला. आता मी चित्राच्या चार कोपऱ्यांवर पेन्सिलीने बारीक खुणा करते आणि पाठीमागे तारीख, वापरलेले रंग आणि 'फोडी पाच दिसल्या पाहिजेत' अशी सूचना लिहून मगच चित्र दुकानात देते.